पालक आणि मुलांच्या मूल्यांत एवढं साम्य खरंच असतं का? (पीव्हीक्यू, प्रबंध, आकडेमोड)

उंबरठा

मानसशास्त्र एम.ए.च्या प्रबंधासाठी विषय घेतला आहे: अकरावीतली मुलं आणि त्यांचे पालक यांची मूल्यं कितपत जुळतात. साधन म्हणून मूल्यांवर काम करणारे मानसशास्त्रज्ञ श्वार्ट्झ यांची पीव्हीक्यू, म्हणजे छोट्या व्यक्तिचित्रांची प्रश्नावली, वापरते आहे. ('ह्या मुलाला अमुक महत्त्वाचं वाटतं. तो तुझ्यासारखा किती आहे?' या पद्धतीची.)

पायलटमध्ये, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणीत, थोड्याच जोड्या घेतल्या. प्रत्येक मुलाचे दहा मूल्यांचे गुण आणि त्याच्या पालकाचे दहा गुण यांचा सहसंबंध (दोन याद्यांचे चढउतार किती जुळतात याचा −१ ते +१ मधला आकडा) काढला, तर जवळजवळ प्रत्येक जोडीत तो भरपूर जास्त येतो. गाईड खूश आहेत, "मूल्यं घरातूनच येतात हे दिसलंच" म्हणतात. मला मात्र हे फारच सरळ वाटतंय. प्रश्न असे:

१. या साम्याचा अर्थ 'घरातून आलं' असा काढता येतो का?
२. २१, ४० की ५७ प्रश्नांची आवृत्ती घ्यावी? मराठी भाषांतर करताना काय सांभाळायचं?
३. किती जोड्या लागतील?
४. पालकांचा फॉर्म मुलांबरोबर घरी पाठवला तर चालेल का?

---

लंबक

पहिल्याच प्रश्नाचं उत्तर: नाही. आणि ते का नाही, हे पायलटच्याच फायलीवर दहा मिनिटांत तपासता येतं. मुलांची यादी तशीच ठेवा, पालकांची यादी ढवळा, म्हणजे प्रत्येक मुलासमोर दुसऱ्याच कुणाचे तरी वडील किंवा आई येतील. मग तोच सहसंबंध पुन्हा काढा. बहुतेक करून तो आकडाही भरपूर जास्त येईल. ज्यांनी एकमेकांना कधी पाहिलंही नाही त्यांच्यात मूल्यांचं 'संक्रमण' झालं असं तर आपण म्हणणार नाही.

कारण साधं आहे. माणसांचा मूल्यांचा क्रम बराचसा एकसारखाच असतो. श्वार्ट्झ आणि बार्डी यांनी २००१ मध्ये अनेक देशांची आकडेवारी एकत्र मांडली. जवळच्यांची काळजी, स्वयंनिर्णय आणि विश्वहित ही मूल्यं जवळजवळ सगळीकडे वरच्या पायऱ्यांवर होती, तर सत्ता आणि थरार तळाशी. म्हणजे कोणत्याही दोन माणसांची दहा मूल्यांची रेघ काढली तरी चढउतार साधारण तसेच दिसणार. क्रोनबाख यांनी १९५५ मध्ये 'दुसऱ्याला ओळखण्याची अचूकता' मोजण्यातला जो घोटाळा दाखवला होता, त्याचंच हे भावंड: सगळ्यांना लागू पडणारी सरासरी ओळखली तरी अचूकतेचे गुण पदरात पडतात.

उपाय दोन टप्प्यांचा आहे.

पहिला टप्पा: प्रत्येक व्यक्तीच्या स्वतःच्या सर्व उत्तरांची सरासरी तिच्या प्रत्येक मूल्याच्या गुणातून वजा करा. काही लोक सगळ्यालाच 'अगदी माझ्यासारखा' म्हणतात, काही हात आखडता घेतात. तो फरक यात निघून जातो. ही सरासरी ४० प्रश्नांची घ्यायची, दहा मूल्यांच्या सरासरींची सरासरी नव्हे. प्रत्येक मूल्याला सारखे प्रश्न नसतात. विश्वहिताला सहा, सुरक्षिततेला पाच, तर सत्ता, थरार आणि सुखोपभोग यांना फक्त तीन-तीन आहेत.

दुसरा टप्पा: मुलांच्या गटाची प्रत्येक मूल्यावरची सरासरी मुलांच्या गुणांतून, आणि पालकांच्या गटाची सरासरी पालकांच्या गुणांतून वजा करा. दोन्ही गटांची एकच सरासरी काढू नका. पालकांची पिढी परंपरा, नियमपालन आणि सुरक्षितता यांवर साधारणपणे वर असते आणि मुलं सुखोपभोग आणि थरार यांवर. एकत्र सरासरी काढली तर हा पिढीचा फरक प्रत्येक जोडीत शिरून बसेल.

तीनच मूल्यांवर आकडेमोड करून दाखवतो. (तीन बिंदूंवर सहसंबंध काढणं हास्यास्पद आहे. फक्त हिशेब दिसावा म्हणून, आणि आकडे काल्पनिक.) पहिल्या टप्प्यानंतर समजा असं आहे:

मुलगी: जवळच्यांची काळजी +१.१, नियमपालन −०.२, सत्ता −०.९
तिची आई: +०.७, +०.५, −१.२
मुलांच्या गटाची सरासरी: +०.९, +०.१, −१.०
आयांच्या गटाची सरासरी: +०.८, +०.४, −१.२

थेट सहसंबंध काढला तर ०.८३. 'वा, मायलेकी अगदी एकसारख्या.' आता गटाची सरासरी वजा करा. मुलीकडे उरतं +०.२, −०.३, +०.१. आईकडे −०.१, +०.१, ०. सहसंबंध −०.९४! आपल्या वयाच्या इतर मुलींपेक्षा ही मुलगी नियमपालनाला कमी मानते, आणि आई मात्र इतर आयांपेक्षा जरा जास्त. दोघींना वेगळं करणारी गोष्ट पहिल्या आकड्यात पूर्ण झाकली गेली होती.

त्यानंतर ढवळलेल्या जोड्यांचा प्रयोग १,००० वेळा चालवा (आर किंवा पायथॉन या संगणकीय भाषांत पाच-सहा ओळींचं काम) आणि खऱ्या जोड्यांची सरासरी त्या हजार सरासरींच्या तुलनेत कुठे बसते ते पाहा. प्रबंधात हाच आलेख टाका. व्हायव्हात त्यावर कुणी बोट ठेवू शकत नाही.

---

चारचौघी_पाचवी

लंबक यांच्याशी सहमत. पण हे सगळं केल्यावर जे साम्य उरेल, तेसुद्धा 'घरातून आलं' असं म्हणायला पुरत नाही. एकाच वस्तीत, एकाच जातीत, एकाच आर्थिक थरात वाढल्यामुळेही दोघं जुळतात. क्नाफो आणि श्पिनाथ यांनी २०११ मध्ये जर्मनीतल्या जुळ्या मुलांवर काम केलं होतं. समान जुळ्यांत मूल्यांचं साम्य असमान जुळ्यांपेक्षा जास्त दिसलं, म्हणजे अनुवंशाचाही वाटा आहेच. शिवाय वारं उलटंही वाहतं. पिंक्वार्ट आणि झिल्बरआयझन यांच्या २००४ च्या कामात किशोरांकडून पालकांकडे जाणारा प्रभावही दिसला होता. एकाच वेळी घेतलेल्या दोन फॉर्मवरून दिशा कळत नाही. "पालकांची मूल्यं मुलांत उतरतात" असं क्रियापद वापरलंत की परीक्षक तुम्हाला तिथेच धरणार.

म्हणून तुमच्या आराखड्यात एका फॉर्मची भर घाला. त्याने प्रबंधाचा दर्जाच बदलेल.

ग्रुसेक आणि गुडनाव यांनी १९९४ मध्ये हा प्रश्न दोन पायऱ्यांत फोडला. आधी मुलाला पालकाचं म्हणणं नीट कळलं पाहिजे, आणि मग ते त्याने स्वीकारलं पाहिजे. कुठल्याही एका पायरीवर गाडी अडू शकते. घरात साम्य नाही म्हणजे पोरगं बंडखोर आहे असं नव्हे. आईला नक्की काय महत्त्वाचं वाटतं हेच त्याला माहीत नसेल. क्नाफो आणि श्वार्ट्झ यांनी २००३ मध्ये इस्रायलमधल्या १६ ते १८ वयाच्या ५४७ मुलामुलींवर हीच पहिली पायरी तपासली. जिथे पालक प्रेमळ आणि ऐकून घेणारे होते तिथे मुलांचा अंदाज जास्त अचूक होता. हुकूमशाही घरांत, आणि 'बोलणारच नाही तुझ्याशी' म्हणत माया आखडून घेणाऱ्या घरांत, तो कमी अचूक होता. आईवडिलांचं एकमेकांशी पटत नसेल तर संदेश गढूळ होतो, तेही दिसलं.

तर फॉर्म असे:

क) मुलाची स्वतःची मूल्यं
ख) 'तुझी आई हा फॉर्म भरायला बसली तर ती काय उत्तरं देईल?'
ग) आईची स्वतःची मूल्यं

ग आणि ख यांची जुळणी म्हणजे अचूकता. ख आणि क यांची जुळणी म्हणजे स्वीकार. तुम्ही पायलटमध्ये फक्त ग आणि क जोडलेत, म्हणजे मधला पूलच गायब.

यात एक खोडा आहे. मुलं ख भरताना आपलीच मतं आईवर लादतात. "मला वाटतं म्हणजे तिलाही वाटत असणार." त्यामुळे ख आणि क यांची जुळणी नेहमी फुगते आणि तिला निखळ स्वीकार म्हणता येत नाही. निदान एवढं करा: अर्ध्या मुलांना क आधी, अर्ध्यांना ख आधी द्या आणि दोन्ही गटांची जुळणी वेगळी छापा. शक्य असेल तर दोन फॉर्ममध्ये एका आठवड्याचं अंतर ठेवा. एकाच तासात लागोपाठ दिले तर मुलं मागचं पान उलटून बघतात आणि 'सुसंगत' उत्तरं देतात.

चौथा फॉर्म, 'तुमच्या मुलाला काय महत्त्वाचं वाटावं अशी तुमची इच्छा आहे', खरं तर फार मोलाचा आहे. पालक स्वतः जगतात एक आणि मुलांसाठी मागतात दुसरं. बार्नी आणि सहकाऱ्यांनी इटलीत हा फरक धरून काम केलंय. पण एम.ए.ला तीनच ठेवा.

'पालक' हा शब्द काढून टाका. आई की वडील, एकच ठरवा आणि सगळ्यांत तोच ठेवा. काही जोड्यांत आई, काहींत वडील असले की मुलाचं लिंग, पालकाचं लिंग आणि साम्य यांची अशी खिचडी होते की नंतर वेगळं करता येत नाही.

आता फॉर्म घरी पाठवण्याबद्दल. मुलाबरोबर उघडा फॉर्म पाठवलात तर चार गोष्टी होतात: आईचा फॉर्म वडील भरतात, आईचा फॉर्म मुलगाच भरतो (अक्षर आणि पेनाची शाई जुळते, पण बरोबरच्या खुणाच असतील तर तेही कळत नाही), आई आणि मुलगी चर्चा करून भरतात, आणि सगळ्यात घातक म्हणजे मुलगा आईची उत्तरं वाचून दुसऱ्या दिवशी ख भरतो. त्यामुळे क आणि ख वर्गात आधी भरून घ्या, आणि ते जमा झाल्यावरच ग घरी पाठवा. चिकटवायचा लिफाफा, आत सूचना, बंद करून सही लिफाफ्याच्या तोंडावर. जोडी ओळखण्यासाठी हजेरी क्रमांक वापरू नका, त्यावरून मूल सहज ओळखता येतं. आधीच छापलेला यादृच्छिक सांकेतिक क्रमांक वापरा, आणि नाव-क्रमांकाची यादी वेगळ्या कुलपात ठेवा.

वाचता न येणाऱ्या आयांचं काय, हा प्रश्न येणारच. त्यांना वगळू नका, नाहीतर नमुना आपोआप शिकलेल्या घरांचा होईल. मुलाखतीने भरून घ्या, पण 'कसा भरला' हा रकाना ठेवा. समोर माणूस बसलेला असताना 'श्रीमंत व्हावंसं वाटतं' याला होकार द्यायला लोक कचरतात.

---

कानामात्रा

भाषांतराबद्दल लिहिते, कारण इथे बरेच प्रबंध आडवे होतात.

आधी एक. फॉर्मच्या माथ्यावर 'मूल्य' किंवा 'संस्कार' हे शब्द अजिबात छापू नका. महाराष्ट्रात शाळा झालेल्या कुठल्याही मुलाला 'मूल्य' म्हटलं की परिपाठ आठवतो: वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, राष्ट्रभक्ती, सर्वधर्मसहिष्णुता… दहाची ती यादी. ती 'असायला हवं' अशा गोष्टींची यादी आहे. श्वार्ट्झना हवा आहे अग्रक्रम, म्हणजे दोन चांगल्या गोष्टींत ओढाताण झाली तर तू कुणीकडे झुकतोस. मथळ्यात 'संस्कार' आलं की मुलं शाळेचा गणवेश चढवून उत्तरं देतात. 'वेगवेगळ्या लोकांविषयी काही वर्णनं' एवढा मथळा पुरे.

पीव्हीक्यू जन्माला आली तीच मुळी अमूर्त शब्द टाळण्यासाठी. १९९२ च्या मूळ श्वार्ट्झ प्रश्नावलीत 'स्वातंत्र्य', 'सामाजिक सत्ता' असे शब्द देऊन −१ ते ७ गुण मागायचे. आफ्रिकेतल्या, भारतातल्या, मलेशियातल्या काही नमुन्यांत सिद्धान्ताची रचना तिच्यातून नीट उमटली नाही. म्हणून २००१ मध्ये व्यक्तिचित्रांची आवृत्ती आली, आणि ती ज्यांच्यावर तपासली गेली त्यांत युगांडातल्या १३-१४ वर्षांच्या मुली होत्या. तुम्ही भाषांतरात पुन्हा 'स्वयंनिर्णय' आणि 'सौहार्द' घातलंत तर सगळी मेहनत उलटी फिरवली.

मराठीत विशेष सांभाळायच्या जागा:

मुलगा आणि मुलगी यांच्या प्रती वेगळ्याच हव्यात. इंग्रजीत सर्वनाम बदललं की भागतं, आपल्याकडे क्रियापद, विशेषण सगळंच बदलतं. 'तो/ती', 'करतो/करते' अशी तिरक्या रेघांची प्रत काढली तर वाचायला दुप्पट वेळ लागतो आणि मुलं तिसऱ्या प्रश्नानंतर वाचणं सोडून देतात. आयांसाठी तिसरी प्रत: 'ही बाई', 'तुमच्यासारखी'. मुलांना 'तू', आयांना 'तुम्ही'.

प्रश्नाची दिशा उलटू नका. 'ही मुलगी तुझ्यासारखी किती आहे?' हे बरोबर. 'तू हिच्यासारखी किती आहेस?' हे चूक. ऐकायला एकच वाटतं, पण दुसऱ्या वाक्यात ती मुलगी आदर्श होऊन बसते आणि उत्तर देणारी स्वतःला तिच्या मापाने मोजते. श्वार्ट्झ यांनी हा फरक मुद्दाम राखला आहे.

'महत्त्वाचं वाटतं' आणि 'आवडतं' यांची अदलाबदल करू नका. नियम पाळणं महत्त्वाचं वाटणारी पुष्कळ मुलं आहेत, ते आवडणारी थोडी.

सहा पर्याय: 'अगदी माझ्यासारखी' पासून 'माझ्यासारखी मुळीच नाही' पर्यंत. मधले दोन, 'थोडीफार' आणि 'थोडीशी', मराठीत एकमेकांत मिसळतात. 'बरीच', 'काहीशी', 'अगदी थोडी' असे शब्द घेऊन पाहा, आणि आठ-दहा मुलांना हे पर्याय चिठ्ठ्यांवर लिहून क्रमाने लावायला सांगा. दोघांनी जरी क्रम चुकवला तरी शब्द बदला.

'परंपरा'ची चित्रं सगळ्यात दगा देतात. मूळ कल्पनेत नम्रता, आहे त्यात समाधान मानणं, धार्मिक श्रद्धा आणि रीतीरिवाज असं सगळं एका टोपलीत आहे. आपल्या मुलांच्या लेखी नम्र असणं आणि सणवार पाळणं यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो, त्यामुळे या मूल्याची अंतर्गत सुसंगती (त्याच्या प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी जुळणं) कमी येते. ती चूक तुमची नव्हे. ५७ प्रश्नांच्या नव्या आवृत्तीत (२०१२ चा १९ मूल्यांचा सुधारित सिद्धान्त) नम्रता वेगळी काढली आहे ती याचसाठी.

उलट भाषांतर (मराठीवरून पुन्हा इंग्रजी करून मुळाशी ताडून पाहणं) करून घ्या, पण त्यावर विसंबू नका. इंग्रजी चांगलं असणारा भाषांतरकार वाईट मराठीतूनही मूळ वाक्य बरोबर ओळखून काढतो. त्यापेक्षा प्रत्येक चित्र वाचून मुलाला 'ही मुलगी कशी आहे ते तुझ्या शब्दांत सांग' म्हणा. सत्तेच्या चित्रावर 'म्हणजे दादागिरी करणारी' असं उत्तर आलं तर तुमचं वाक्य चुकलंय, कारण मुलं त्याला नकार देणार ते सत्ता नको म्हणून नाही, दादागिरी नको म्हणून.

---

बाकी_शून्य

आवृत्ती आणि नमुना.

२१ प्रश्नांची आवृत्ती युरोपीय सामाजिक सर्वेक्षणासाठी केली होती. प्रत्येक मूल्याला दोन प्रश्न, विश्वहिताला तीन. हजारो लोकांच्या सरासऱ्यांसाठी ठीक. तुम्हाला एकेका जोडीची रेघ जुळवायची आहे, आणि दोन प्रश्नांवर उभं मूल्य इतकं डळमळतं की लंबक यांचे दोन टप्पे केल्यावर हातात गोंगाटच उरेल. ४० ची घ्या. १० मिनिटांच्या आसपास लागतात, सावकाश वाचणाऱ्याला १५. क आणि ख दोन वेगळ्या तासांना घेतलेत तर ४५ मिनिटांच्या तासिकेत आरामात बसतं. ५७ ची आवृत्ती एम.ए.च्या नमुन्यावर १९ मूल्यं पेलत नाही.

दहा मूल्यं डळमळीत वाटली तर चार मोठ्या गटांवर या: बदलाला मोकळेपणा, टिकवून धरणं, स्वतःची उन्नती, स्वतःपलीकडे पाहणं. विश्वासार्हता सुधारते. पण मग रेघेचा सहसंबंध काढू नका, चार बिंदूंवर त्याला अर्थ नाही. प्रत्येक गटावर सगळ्या मुलांचे गुण आणि सगळ्या आयांचे गुण यांचा सहसंबंध काढा. या पद्धतीत सगळ्यांचा समान क्रम आपोआप बाजूला होतो, आणि 'परंपरेत जुळतात, सुखोपभोगात नाही' असं मूल्यागणिक बोलताही येतं. माझं मत विचाराल तर एम.ए.साठी हीच मुख्य पद्धत ठेवा आणि रेघांची जुळणी पूरक म्हणून.

नमुन्याचं सूत्र: अपेक्षित सहसंबंधाचा फिशर झेड (त्याचं एक गणिती रूपांतर) काढा, २.८ ला त्याने भागा, वर्ग करा, ३ मिळवा. (५ टक्के पातळी, म्हणजे नसलेलं साम्य दिसण्याचा धोका; ८० टक्के शक्ती, म्हणजे असलेलं साम्य सापडण्याची शक्यता.) ०.३० साठी ८५ जोड्या, ०.२५ साठी १२३, ०.२० साठी १९४. आई आणि मुलांतलं साम्य साधारण लहान ते मध्यम असतं, म्हणून २०० चं लक्ष्य धरा. लिफाफे परत न येणं आणि बाद फॉर्म धरून वाटप त्याहून बरंच जास्त लागेल.

आणि आता जे कुणीच बघत नाही ते. २०० जोड्या पाच तुकड्यांतून ४०-४० घेतल्या तर त्या २०० राहत नाहीत. एका तुकडीतली मुलं एकमेकांसारखी असतात, त्यात अकरावीला तर विज्ञान, वाणिज्य, कला अशी चाळण आधीच लागलेली. समजा तुकडीअंतर्गत सहसंबंध, म्हणजे हे एकमेकांसारखं असणं, ०.०५ आहे. तुकडीतल्या जोड्यांतून एक वजा करून त्याने गुणा, १ मिळवा: १ + ३९ × ०.०५ = २.९५. २०० ला २.९५ ने भागा: ६८. हाच तुमचा खरा नमुना. त्याऐवजी वीस तुकड्यांतून १०-१० घेतलेत तर १ + ९ × ०.०५ = १.४५, म्हणजे १३८ उरतात. फॉर्म तेवढेच, पायपीट जास्त, हाती दुप्पट.

फॉर्म बाद करायचा निकष गोळा करण्याआधी लिहून ठेवा. २१ प्रश्नांसाठी प्रचलित निकष असा: पाचाहून जास्त रिकामे किंवा सोळाहून जास्त उत्तरं एकसारखी असतील तर बाद. ४० साठी त्याच प्रमाणात ठरवा.

संहिता, म्हणजे कोणत्या उत्तराला कोणता आकडा, ती तपासा! युरोपीय सर्वेक्षणात १ म्हणजे 'अगदी माझ्यासारखा', तर ४० च्या प्रतीत ६. कुणाची तरी तयार एक्सेल शीट उचलली की हे उलटं होतं आणि मग तरुण मुलं सत्तेला सगळ्यात वर मानतात असे थरारक निष्कर्ष निघतात.

सरासरी वजा केलेले दहाच्या दहा गुण एकाच प्रतिगमनात (रिग्रेशनमध्ये) टाकू नका. ते एकमेकांना बांधलेले असतात, नऊ कळले की दहावा ठरलाच. आणि घटक विश्लेषण (फॅक्टर अ‍ॅनालिसिस) किंवा बहुमितीय नकाशा (जुळणारी मूल्यं जवळ, न जुळणारी लांब दाखवणारा) काढायचा असेल तर वजाबाकी न केलेले मूळ गुण वापरायचे.

---

पानगळ

एवढ्या भानगडीपेक्षा मानसशास्त्रज्ञ रोकीच यांची यादी का नको? १८ अंतिम मूल्यं (आयुष्यात काय मिळवायचं), १८ साधनमूल्यं (कसं वागायचं), क्रम लावायला सांगा. क्रमच लावायचा असल्याने 'सगळ्यालाच होकार' हा प्रश्न उरत नाही.

---

लंबक

@पानगळ, १८ अमूर्त शब्दांचा क्रम लावणं सोळा वर्षांच्या मुलाला जड जातं. पहिले चार आणि शेवटचे तीन विचारपूर्वक लागतात, मधले जिथे जागा मिळेल तिथे. वर कानामात्रा म्हणाल्या तो शब्दांचा प्रश्नही पुन्हा उभा राहतो.

रोकीच यांची खरी कमाई माझ्या मते दुसरी आहे. मिशिगन स्टेट विद्यापीठात त्यांनी विद्यार्थ्यांना त्यांचेच क्रम दाखवले: सरासरीत 'स्वातंत्र्य' पहिलं आणि 'समता' सहावं. म्हणजे स्वतःचं स्वातंत्र्य हवं, दुसऱ्याच्या स्वातंत्र्याची तितकी फिकीर नाही, असा त्याचा अर्थ समोर ठेवला. ही विसंगती दिसलेल्या विद्यार्थ्यांकडून काही महिन्यांनी आलेल्या नागरी हक्क संघटनेच्या पत्राला जास्त प्रतिसाद मिळाला. घराबाहेर, विशीच्या उंबरठ्यावर मूल्यं हलू शकतात याचा तो पुरावा. गाईडना दाखवायला न्यूकम यांचं बेनिंग्टन कॉलेजचं कामही घ्या (१९३५ ते १९३९, व्हरमाँट). बऱ्याच मुली सनातनी, सधन घरांतून आल्या आणि कॉलेजच्या वातावरणात राजकीय मतांनी उदारमतवादी झाल्या. ज्या घराशी घट्ट बांधलेल्या राहिल्या त्या कमी बदलल्या. १९६० च्या आसपास आणि १९८४ मध्ये पुन्हा गाठलं तेव्हा बहुतेकींचा कल टिकून होता. ती राजकीय मतं होती, श्वार्ट्झ यांची मूल्यं नव्हेत, एवढा फरक मात्र नोंदवा.

---

उंबरठा

सगळ्यांचे आभार. पायलटच्या जोड्या ढवळून पाहिल्या. खऱ्या आणि ढवळलेल्या जोड्यांच्या सरासरीत फरक नावालाच आहे. गाईडना आलेख दाखवला, आता ख फॉर्मला होकार मिळाला आहे. 'आई' निश्चित केली.

दोन शंका. एक, संदर्भ साहित्याच्या प्रकरणात नैतिक विकासाच्या पायऱ्या मांडणारे कोलबर्ग हवेतच असा गाईडचा आग्रह आहे. ते इथे बसतात का? दोन, मुलं १८ च्या आतली आहेत, तर संमती नेमकी कुणाची आणि कशी?

---

चारचौघी_पाचवी

कोलबर्ग दीड पानात उरका. १९५८ च्या प्रबंधापासून ते मोजत होते नैतिक तर्क: त्यांच्या गोष्टीतल्या हाइन्झने मरणासन्न बायकोसाठी औषध चोरावं की नाही यापेक्षा 'का' याचं उत्तर मुलगा कसं देतो. मूल्यांचा अग्रक्रम ही वेगळी गोष्ट. एकाच पायरीवरची दोन मुलं सुरक्षितता आणि स्वयंनिर्णय यांना उलटसुलट मानू शकतात. शिवाय सुरुवातीचा नमुना फक्त मुलग्यांचा होता, गिलिगन यांची १९८२ ची टीका त्यावरूनच सुरू होते.

त्या जागेत भारतातलं काम घ्या. श्वेडर, महापात्र आणि मिलर यांचा भुवनेश्वरचा अभ्यास (१९८७), आणि जोन मिलर व सहकाऱ्यांचं म्हैसूर आणि अमेरिकेची तुलना करणारं १९९० चं काम. गरज किरकोळ असली तरी मदत करणं हे म्हैसूरच्या लोकांना कर्तव्यच वाटतं, तर अमेरिकन लोक ती ज्याची त्याची मर्जी मानतात. तुमच्या प्रबंधाशी याचा थेट संबंध आहे. श्वार्ट्झ दहा मूल्यं एका वर्तुळात मांडतात, जुळणारी शेजारी आणि भिडणारी समोर; त्यात स्वयंनिर्णय आणि नियमपालन समोरासमोर बसतात. आपल्याकडे 'आईसाठी करायलाच हवं' हे मुलाला लादलेलं वाटेलच असं नाही. म्हणून बहुमितीय नकाशा काढाल तेव्हा जवळच्यांची काळजी आणि नियमपालन ही दोन मूल्यं एकमेकांत मिसळली आहेत का ते आधी पाहा. मिसळली असतील तर ती वेगळी असल्याचं गृहीत धरून पुढचे सहसंबंध काढू नका.

संमती: आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे १८ च्या आत पालकांची लेखी संमती, आणि १२ ते १८ वयात मुलाचीही लेखी सहमती, सोप्या भाषेत. कॉलेजच्या प्राचार्यांची परवानगी ही तिसरी गोष्ट, ती पहिल्या दोन्हींच्या ऐवजी चालत नाही. तुमच्याकडे आई स्वतःही सहभागी आहे, त्यामुळे तिच्या दोन सह्या लागतील: मुलासाठी एक, स्वतःसाठी एक. एकाच कागदावर घेतल्या तर स्वतः भाग न घेता मुलाला परवानगी देण्याची वाट तिला उरत नाही.

---

बाकी_शून्य

संमतीपत्र आणि ग फॉर्म एकाच लिफाफ्यात घालू नका. संमतीवर नाव असतं. लिफाफे उघडताना एक जण नाव आणि उत्तरं एकत्र पाहतोच. संमती आधी परत मागवा, ती आली की क आणि ख, मग सांकेतिक क्रमांकाचा लिफाफा. घटक चाचण्यांचा आठवडा टाळा, त्या दिवसांत 'यश' सगळ्यांचंच वर जातं.

---

कानामात्रा

ख च्या मुलींच्या प्रतीत एक दुरुस्ती लागेल: 'तुझी आई काय उत्तर देईल' असं विचारल्यावर खाली चित्र मात्र 'ही मुलगी' राहिलं तर गोंधळ होतो. तिथे ग ची, म्हणजे 'ही बाई' असलेलीच प्रत जशीच्या तशी वापरा, फक्त 'तुमच्यासारखी' च्या जागी 'तुझ्या आईसारखी'.